गुलाबी अक्षरांचं झाकण

रुपरावांनी नवी पिकअप घ्यायचं काढलं आणि घरात दोन तट पडले, एक पेट्रोलचा आणि एक डिझेलचा.

पेट्रोलकडून होता ऋषिकेश, त्यांचा पुतण्या. बागेतली संत्री कळमन्याच्या बाजारात न्यायचं काम त्याचंच, त्यामुळे त्याच्या म्हणण्याला वजन होतं. पेट्रोलची गाडी शांत चालते, थंडीत कुरकुरत नाही, बिघडली तर कोणताही मिस्त्री खोलतो. आणि यातलं एकही खोटं नव्हतं.

डिझेलकडून होती एकटी भूमिका, रुपरावांची दहावीतली मुलगी. मागच्या वर्षापर्यंत ही पोरगी हजेरीसुद्धा खाली मान घालून द्यायची. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत काय जिंकली, तेव्हापासून तिच्यासमोर बोलायची सोय राहिली नाही! तिनं सगळ्यांना विहिरीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची चढाच्या पांदणीची, त्या अरुंद शेतवाटेची, आठवण करून दिली. तिथल्या काळ्या मातीत संत्र्यांनी भरलेली जुनी पेट्रोल गाडी नुसती किंचाळायची. पेट्रोलला जोर आणायला इंजीन गरागरा फिरवावं लागतं, डिझेल मात्र हळू फिरतानाही मान खाली घालून बैलासारखं ओढतं, असं ती म्हणाली. रुपराव हसले, आणि डिझेलची गाडी घेऊन आले.

गावभर एकच झालं, रुपराव पोरीच्या नादी लागले. भूमिकानं ते ऐकलं आणि मनात म्हणाली, बोला. पहिली खेप बाजारात पोचू द्या, मग बघू.

पण त्याआधी एक गोष्ट झाली होती. जुन्या गाडीतलं पेट्रोल गावातली पोरं मोटारसायकलींसाठी नळी टाकून ओढायची, म्हणून रुपरावांनी टाकीला कुलपाचं झाकण बसवलं होतं. गाडी विकली, पण झाकण काढून ठेवलं. इतकं चांगलं कुलूप फुकटात कोण देतं? नव्या गाडीच्या टाकीवर ते असं चपखल बसलं की रुपरावांनी सगळ्यांना दोनदा फिरवून दाखवलं.

तर पहिल्या खेपेचा दिवस उजाडला. नवी गाडी म्हणून चालवायला रुपराव स्वतः बसले, शेजारी भूमिका आणि ऋषिकेश. पांदणीतून भरली गाडी एका दमात वर आली. भूमिकानं ऋषिकेशकडे बघितलंही नाही, म्हणजे बघायचं होतं तेवढं बघून घेतलं. काटोल ओलांडल्यावर पंपावर थांबले. गाडी बंद करून रुपरावांनी खिडकीतूनच झाकणाची किल्ली दिली, टाकी फुल करा म्हणाले आणि मोबाइलवर अडत्याशी बोलत बसले. ऋषिकेश मागे दोर तपासत होता.

भूमिका पाय मोकळे करायला उतरली. पंपावरच्या माणसानं झाकण काढून गाडीच्या बॉनेटवर सुलटं ठेवलं होतं. त्यावर ठळक गुलाबी अक्षरं चमकत होती, पेट्रोल. ती तिचीच होती. पाचवीत असताना आईच्या नेलपॉलिशनं काढलेली, ट च्या पोटात फूलसुद्धा होतं.

आणि त्या भल्या माणसानं झाकण वाचून पेट्रोलची नळी टाकीत लावली होती.

पंपावरच्या माणसाला ती थांबा म्हणाली तोवर टाकी अर्धीअधिक भरली होती. तिकडे रुपरावांनी फोन ठेवला आणि चावीला हात घातला.

"बाबा, चावी फिरवू नका. जराही नका."

"काहून वं?"

"पेट्रोल गेलं टाकीत. अजून इंजिनात नाही गेलं. चावी फिरवली तं जाईन."

रुपरावांचा हात चटका बसल्यासारखा मागे आला. मग तिनं एका दमात सांगितलं, की डिझेल तेलकट असतं, त्याच्याच ओलीवर आतला पंप चालतो. पेट्रोल गेलं की पंप कोरडा घासला जातो. बोलताना तिचा आवाज बारीक झाला. स्पर्धेतल्यासारखा तो नव्हताच. पहिल्याच खेपेला इंजीन गेलं, तर आता घरात तिचा शब्द कोण धरणार?

"मी तं पेट्रोलच म्हणून राहिलो होतो," ऋषिकेश म्हणाला. "पाह्य भूमे, आता भेटलं गाडीले."

असं म्हणाला खरा, पण गाडीला पहिला खांदा त्यानंच लावला. गियर मोकळा केला, पंपावरची चार माणसं आली आणि भरलेली पिकअप ढकलत कडेला नेली. पंपामागे चंद्रभान मिस्त्रीचं गॅरेज होतं. त्यानं चावी फिरवली का एवढंच विचारलं. नाही म्हटल्यावर तो निवांत पान थुंकून आला. टाकी खालून मोकळी केली, चांगल्या डिझेलनं विसळली, फिल्टर बदलला. भूमिका सगळा वेळ संत्र्याचं एक पान चुरगळत उभी होती. हाताला वास लागला तरी तिला कळलं नाही.

"मारा आता," चंद्रभान म्हणाला.

रुपरावांनी चावी फिरवली. इंजीन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं, आणि मग धडधडत असं लागलं की बॉनेटवरचं झाकण नाचायला लागलं. ज्या आवाजाला ऋषिकेश महिनाभर नावं ठेवत होता, तो ऐकून सगळ्यात आधी हसला तोच. भूमिका गॅरेजातल्या एका रिकाम्या क्रेटवर बसली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण धुरावर ढकलायची सोय होती.

बाजारात संत्री वेळेत उतरली. शेजारच्या गाडीवाल्यानं रुपरावांना विचारलं, डिझेल घेतली की पेट्रोल, आणि काहून?

"ते पोरीले विचारा," रुपराव म्हणाले. "गाडी तिनं ठरवली, अन् आज वाचवलीही तिनंच."

भूमिका सांगायला लागली आणि थांबेचना. तिचं होईपर्यंत रुपराव रस्त्यापलीकडच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन उभे होते, धोतरवाल्या गिऱ्हाईकाला तिथे बघून दुकानदारीण गोंधळली होती.

"नेलपॉलिश पाह्यजे," ते म्हणाले. "पक्कं द्या, बाई. डिझेलनं न जाणारं."