गाणं घाईत वाजलं तेव्हा

“मावशी, टीव्हीवर आज पण रुसलात का?” पॅकिंगवाला जाता जाता म्हणाला, आणि टेबलाशी बसलेली सगळी हसली.

मावशीही हसल्या. मान टीव्हीपासून तशीच वळवलेली ठेवून त्यांनी पुढची दांडी उचलली. तिच्या दोन वायरींपैकी एकीवर बारीक कंगोरा असतो, तो अंगठ्याला लागला. ती पिवळी पिन. टीव्हीच्या पिवळ्या भोकाशेजारी त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. कोणी विचारलंच तर धुळीसाठी लावलाय म्हणून सांगायचं ठरवलं होतं. अजून कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तर आवाज कापेल की काय याची धास्ती मात्र रोजची होती.

कारखाना लहानसा होता. तिथे बनायची ती फक्त ही दांडी. आकाराने जुन्या जॉयस्टिकसारखी, पण तिच्या पोटात एक अख्खा जुना घरगुती कॉम्प्युटर बसवलेला. टीव्हीला जोडली की निळा पडदा यायचा, त्यावर खेळांची यादी, आणि मागे टुणटुण वाजणारं एक गाणं. केस पिकलेली माणसं म्हणे ही दांडी घेऊन पुन्हा शाळकरी होतात. होईनात बापडी! मावशींचं काम एवढंच, की चित्र बघायचं, रंग बघायचे, आवाज ऐकायचा, दांडी चहूकडे फिरवायची, बटण दाबायचं आणि सगळं ठीक असेल तर बुडाशी हिरवा स्टिकर लावायचा. त्यांच्या हातून खराब दांडी कधी बाहेर गेली नव्हती. नव्या माणसांना काम शिकवताना सुपरवायझर त्यांच्या टेबलाकडे बोट दाखवायचा.

आणि त्या टेबलाशी बसलेल्या बाईला पडदा दिसत नव्हता.

सुरुवातीला त्यांना वाटलं, चष्म्याला बोट लागलंय. चष्मा पुसला, दोनदा पुसला. डाग चष्म्यावर नव्हताच. जिकडे बघावं तिकडे तो आधी जाऊन बसायचा. नवरा समोर चहा प्यायला बसला की त्याचे कान दिसत, खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. तिरकं बघितलं तर थोडंफार कळायचं, पण रंग सगळे धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखे. डॉक्टरकडे त्या गेल्या नाहीत. डॉक्टरने त्याला नाव दिलं की तो कायमचा मुक्काम ठोकेल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात बसलं होतं. घरी बोलल्या नाहीत, नणंदेलाही बोलल्या नाहीत. दांड्या त्या आता कानाने पास करत. गाणं नीट वाजलं की चित्र नीट असतं, एवढ्या वर्षांत तरी तसंच होत आलं होतं.

नणंद तिथेच सोल्डरिंगच्या टेबलावर होती. नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे आली तेव्हा मावशींनीच तिला इथे चिकटवलं. पहिल्या पगारातून तिने स्वतःपुरता वेगळा साबण आणला आणि वेगळ्या डबीत ठेवला. मावशींना तेव्हा राग आला होता. मग हळूहळू कळलं, त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच आहे.

मागच्या महिन्यात एके सकाळी पहिल्याच दांडीचं गाणं घाईत वाजलं. बस चुकेल म्हणून कोणी पळत पळत गावं तसं. मावशींनी ती बाजूला ठेवली, दुसरी लावली. तीही तशीच. तिसरीही. सुपरवायझरला हाक मारायची म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. तो आला असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, पडद्यावर काय दिसतंय? तिथेच घोडं पेंड खात होतं. कानच बिघडले असतील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि स्टिकर लावत सुटल्या.

त्या दिवसापासून दारात टेम्पो थांबला की त्या कान देऊन ऐकायच्या, खोकी चढताहेत की उतरताहेत.

आज टेम्पो थांबला तो खोकी घेऊनच. माल परत आला होता. सुपरवायझरने एक दांडी मावशींच्याच टीव्हीला लावली, गाण्याचा आवाज बंद केला आणि पडद्याकडे बघत राहिला.

“काळंपांढरं,” तो म्हणाला. “चित्र आहे, रंग नाहीत. अख्खी खेप अशी. मावशी, तुमच्या टेबलावरून गेली तेव्हा रंग होते ना?”

“होते,” मावशी म्हणाल्या. विचार करायच्या आतच शब्द तोंडातून गेला होता.

“मग झालं तर. सोल्डरिंगचा टाका मागाहून सुटला.” तो सोल्डरिंगच्या टेबलाकडे वळला. “कच्चं काम आहे, बाई. उद्यापासून नका येऊ.”

“साहेब, माझा टाका सुटत नाही,” नणंद म्हणाली. “नमुना समोर ठेवून लावते मी. वहिनी, तुम्ही सांगा ना!”

मावशींना तिचा चेहरा दिसला नाही. चेहऱ्याच्या जागी डाग होता आणि भोवती तिचे केस. त्यांनी मान खाली घातली. सुपरवायझर खोकी उघडत राहिला. रोज सुटीच्या वेळी करायची तसं नणंदेने सोल्डरिंगच्या तापलेल्या सळीचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. चर्र झालं. आवाज रोजचाच, पण आज तो भर सकाळी आला. मावशींना एकदम ती साबणाची डबी आठवली.

त्या उठल्या.

“साहेब, रंग होते की नव्हते, मला माहीत नाही.”

“म्हणजे? आत्ताच तर म्हणालात.”

“खोटं बोलले. मला पडदा दिसत नाही.”

मघाचा तो पॅकिंगवाला हातातला खोका धरून तसाच उभा राहिला.

“मग पास कसं करता?”

“ऐकून. त्या दिवशी गाणं घाईत वाजत होतं, पहिल्या दांडीपासून. म्हणजे मागाहून काही सुटलं नाही, आधीपासूनच तसं होतं. मला कळलं होतं. घाबरले आणि गप्प बसले.”

परत आलेली दांडी लावून सुपरवायझरने आवाज मोठा केला आणि थोडा वेळ ऐकलं. मग नणंदेच्या टेबलावरचा नमुना उचलून उजेडात धरला. बोर्डावर टाक्याच्या दोन जागा असतात. एका प्रकारच्या टीव्हीला ही, दुसऱ्या प्रकारच्या टीव्हीला ती. जागा चुकली की रंग जातात आणि गाणं पळत सुटतं.

“हा दुसऱ्या प्रकारच्या टीव्हीचा नमुना आहे,” तो हळूच म्हणाला. टेबलावर नमुना ठेवायचं काम त्याचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही.

“बसा, बाई,” तो नणंदेला म्हणाला. “सगळे टाके बदलावे लागतील.” मग मावशींकडे न बघता, “मावशी, आजचा दिवस भरा. पुढचं बघू.”

असल्या ‘बघू’चा अर्थ मावशींना चांगला ठाऊक होता. त्या बसल्या. इतके महिने ज्या क्षणाला भ्यायल्या तो येऊन गेला होता, आणि भीती मात्र गेली नव्हती. आता ती घरी जायच्या जिन्याची होती, उद्याच्या सकाळची होती.

दुरुस्त केलेली पहिली दांडी नणंद स्वतः घेऊन आली. स्टूल ओढून शेजारी बसली.

“मला पण नाही सांगितलंत?” तिचा आवाज रागाने भरून आला होता.

“तुम्हाला सांगायचीच जास्त भीती वाटली, वन्सं.”

“का?”

“तुम्ही लगेच माझा हात धरून मला चालवलं असतं.”

मावशींनी कंगोरा चाचपला, पिना खुपसल्या. गाणं सुरू झालं, निवांत, जसं वाजायला हवं तसं. पडद्यावर मधोमध डाग बसलेला होता.

“रंग?” त्यांनी विचारलं.

“आहेत.”

“नीट बघा.”

नणंद पुढे वाकली. “पडदा निळा आहे. वर पिवळी अक्षरं. आहेत, वहिनी.”

मावशींनी दांडी उलटी केली, अंगठ्याने बुडाशी जागा शोधली आणि स्टिकर दाबून बसवला. मग पुढच्या दांडीसाठी हात पसरून त्या बसून राहिल्या.