बसला की गाडी सोडायची

"रावजी, थांब, थांब," हिरामण काचेआडून ओरडला. पण रावजीचा ट्रेलर वजनकाट्यावरून उतरलासुद्धा. समोरचा आकडा शून्यावर आला.

चूक रावजीची नव्हती. उरणच्या त्या रस्त्यावर गाड्यांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. त्यामुळे हिरामण वर्षानुवर्षं एकच करत आला होता. वजन झालं की पावती घेऊन उभा राहायचा. काटेवाला उठला की गाडी पुढे घ्यायची, हे नव्या ड्रायव्हरलाही पहिल्याच खेपेला कळायचं. मणक्याचं ऑपरेशन होऊन हिरामण आज कामावर परतला होता, पाठीला घरची उशी लावून. डॉक्टरांनी बजावलं होतं, एकसारखं बसायचं नाही, मधे मधे उठायचं. वजन ठरायच्या आधीच तो उठला आणि रावजी गेला.

ट्रेलर उलटा घेण्यासाठी सगळी रांग मागे सरकवावी लागली. थोड्या वेळानं दुसऱ्या गाडीचंही तेच झालं. शिव्या खाल्ल्या त्या काट्याच्या मालकानं, विनेशनं.

"काका, तुम्ही अजून महिनाभर आराम करा ना. तोवर माझा मेव्हणा बसेल. टेन्शन घेऊ नका."

विनेश मुलगा वाईट नव्हता. पण मेव्हणा एकदा खुर्चीत बसला की त्याला कोण उठवणार? "आजचा दिवस बघ," एवढंच हिरामण म्हणाला. मग तो उठलाच नाही.

दुपारी बायको डबा घेऊन आली.

"अवो, किती घाम आलाय. उठा ना जरा."

"उठलो का गाडी जाते, सोनूबाई."

सगळं ऐकून तिनं डबा खिडकीत ठेवला. तिचा जन्म मिठागरात उभ्यानं राबण्यात गेलेला.

"मंग हुबंच ऱ्हावा. टेबल वर घ्या. आन बसलात का गाडी सोडायची, असं सांगा त्यांना. येवढं न्हाय सुचलं व्हय सकालपासून?"

हिरामणला हसू आलं, पण हसताना कंबरेत कळ गेली.

बाहेर पडून असलेल्या विटा टेबलाच्या पायांखाली सरकवल्या. सकाळी वैतागलेला रावजीच रांगेत सांगत फिरला, "काटेवाला हुबा हाय तवर हलायचं न्हाय. बसला का निघायचं."

"उलटाच कारभार हाय ह्यो," कुणीतरी म्हणालं. पण गाड्या नीट जाऊ लागल्या.

संध्याकाळी खाडीकडून वारा सुटला. रावजी रिकामा कंटेनर घेऊन पुन्हा काट्यावर आला. वाऱ्यानं आणि इंजिनाच्या थरथरीनं कंटेनर हलत होता, आकडा ठरत नव्हता. हिरामण दुपारपासून बराच वेळ उभाच होता. खुर्ची गुडघ्यांच्या मागेच होती. दारात विनेशचा मेव्हणा टेकून उभा होता, सहज बघायला आलोय म्हणत. हिरामणनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली.

रावजी वर केबिनमधून बघत होता. रांग असताना काट्यावर कुणी इंजिन बंद करत नाही. त्यानं केलं. मागचे हॉर्न वाजायला लागले, तरी तो हातावर हात ठेवून बसून राहिला.

ट्रेलरची थरथर थांबली. आकडा ठरला. हिरामणनं पावती काढून खिडकीतून बाहेर दिली. मग खुर्चीचा हात धरून तो हळूहळू खाली बसला.

रावजीनं इंजिन चालू केलं आणि गाडी पुढे घेतली.