मापाचा ब्लाऊज

मित्रांनो, मी एक जुना ब्लाऊज आहे. पण अंगात घालायचा नव्हे, मापाला द्यायचा. माझा रंग मोरपंखी होता. आता एखादा मोर समोर आला तरी मला ओळख देणार नाही.

उदगीरच्या नागम्माबाईंसाठी संगप्पा टेलरांनी मला शिवलं. मी त्यांना इतका नेमका बसलो, की दोन-चार वेळा घालून त्यांनी मला मापासाठी बाजूला काढलं. नवं कापड आलं की मी पिशवीतून दुकानात जायचो. टेलर मला टेबलावर पसरून म्हणायचे, "ह्याच्यावानी फिटिंग कुणाचं न्हाई." मी फुगून जायचो. बाईंना कधी टेप अंगाला लावून घ्यावा लागला नाही. त्यांच्या जागी मीच हजर असायचो.

त्यांची मुलगी स्वप्नाली लातूरच्या एका शाळेत नुकतीच शिक्षिका झाली. या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली ती एक नवं खूळ घेऊनच. कपाट भरून कपडे नकोत; मोसमाला मोजकेच हवेत, कशावरही काहीही चालेल असे, आणि तेही स्वतः शिवलेले. तिनं पांढरं, निळं, फिकट पिवळं सुती कापड आणलं, भिजवून वाळवलं, आधी कागद कापून पाहिले. कुर्ते, पँटी, उन्हात गाडीवर घालायचं जाकीट, सगळं आरशासमोर घालून पाहायची, उसवायची, पुन्हा शिवायची. कपडे झाले मात्र झकास.

मग ती म्हणाली, "अव्वा, आता तुझे ब्लाऊज. तुझ्या सगळ्या साड्यांवर चालतील असे. उभी राहा, माप घेते."

"माझं कशाला घेतीस? मापाचा हाय की. त्यावरनं शिव."

मित्रांनो, इथेच माझं मन मला खातं. थंडीच्या दिवसांत बाईंनी एकदा दार लोटून मला घातलं होतं. मी खांद्यावरून घसरलो. बगलेत मूठ मावेल इतका ढिला झालो होतो. त्या आरशात बघत राहिल्या आणि मला घडी घालून जागच्या जागी ठेवलं. रोजचे ब्लाऊज त्यांनी आतून टाके घालून आवळले होते. मी एकटाच जुन्या मापाचा उरलो होतो.

मला वाचा नाही हे खरं. पण स्वप्नालीनं टेप लावला तेव्हा मी नेहमीसारखा ऐटीत पसरलो. इतक्या दिवसांनी कुणीतरी विचारलं म्हणून मला आनंदसुद्धा झाला. त्या आनंदाचीच जास्त लाज वाटते.

ब्लाऊज शिवून झाले. बाईंनी नवा घातला, वरून पदर गच्च लपेटला आणि तोंडभर कौतुक केलं. पण फळीवरचा डबा काढायला त्यांनी हात वर केला, तसा ब्लाऊज खांद्यावरून उतरला.

"अव्वा, माझं चुकलं का गं?"

"न्हाई गं. तुझी शिलाई लई बरी हाय. मीच वाळले. दिवाळीपासनं नुसती तहान लागायली. तू नव्या नोकरीत, म्हनून सांगिटलं न्हाई."

स्वप्नालीनं टेप आईच्या अंगाभोवती धरला. आकडा वाचून तिचा बांध फुटला.

"माझ्यासाठी दिवसभर आरशासमोर उभी राहिले अव्वा, अन् तुला एकदा उभं केलं न्हाई!"

दुसऱ्याच दिवशी दोघी लातूरला दवाखान्यात गेल्या. शुगर फार वाढली होती. "आधी का नाही आलात?" असं डॉक्टरांनी विचारलं म्हणे. त्याचं अर्धं उत्तर इथे कपाटात घडी घालून पडलं होतं.

आता औषधं चालू आहेत. मी शिलाई मशीनजवळच्या खिळ्याला लटकतो. स्वप्नाली आली की आधी टेप घेते आणि आईला उभं करते. माझ्याकडे बघत नाही, आणि तेच बरोबर आहे. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा एखादा असेल. त्याला जपून ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. आईचं माप आईच्याच अंगावर घ्या.

परवा बाईंनी मला पुन्हा घालून पाहिलं. खांद्यावर टिकलो. बगलेत अजून दोन बोटं मावतात.