मालनसाठी गाडी

घाटकोपरच्या चाळीसमोर, फरशीच्या अंगणात, जयवंतने खडूने अख्खी जीप काढली होती, खरी असते तेवढी मोठी. नळावर जाणाऱ्या बायका बेधडक तिच्या इंजिनातून चालत जायच्या आणि हा वेडा "वहिनी, जरा बोनेटवरून पाय काढा" म्हणून विनवायचा. श्रावणसर येऊन गेली, की पुन्हा रेघा ओढायचा. मागच्या भागात त्याने बायकोला, मालनला, चटईवर निजवलं आणि तिच्या डोक्यापाशी नि पायांपाशी खुणा केल्या. तिला हसू आवरेना. हसली की तिला धाप लागायची.

मालनचं काळीज कमजोर झालं होतं आणि तिला एकदा आईला भेटायचं होतं. आई कणकवलीपलीकडच्या डोंगरात, डोळ्यांनी पार अधू. लग्नानंतर मायलेकींची गाठ पडली नव्हती. सडकेपासून गावापर्यंत नुसते धोंडे. आजाऱ्याला तिथे डोलीतूनच न्यायचं. "लेक डोलीतून आली, हे आईच्या कानांवर नको," मालन म्हणाली. मग जयवंतला गाडी सुचली.

तो मेकॅनिक. लढाईनंतर विकायला निघालेल्या लष्करी जीपांपैकी एक खटारा गॅरेजात पडून होता, तो मालकाने देऊन टाकला. जयवंत आणि त्याचा दोस्त धाकू लोहार हात धुऊन त्याच्या मागे लागले. दसऱ्याला इंजिन धडधडलं. धाकूने झेंडूची माळ घातली.

"आता निघू या ना," मालन म्हणाली. "मी बसून येईन. पाठीला उशी घ्या."

"त्या धोंड्यांवर बसून? वाट लागेल तुझी. निजायची सोय होऊ दे, मग राणीसारखी नेतो."

न्यायचं तर आत्ताच न्या, असं डॉक्टरांनीही बजावलं होतं. पण चांगल्या कारागिराची एक खोड असते, जमलेल्या कामाला हात लावल्याशिवाय त्याला राहवत नाही. जयवंतने सांगाडा लांबवला. मग मागच्या स्प्रिंगांचे पाटे त्याला ताठ वाटले. धाकूने पातळ पाटे घडवून दिले, तर गाडी डोलायला लागली.

"बायलेक गावाक नेतंस, काय विमान बांधतंस?" धाकू एकदा वैतागून म्हणाला.

मालनने विचारणं हळूहळू सोडून दिलं. जयवंतला वाटलं, ती खूश आहे.

होळीच्या आधी एका दुपारी ती गेली. तेव्हा गाडी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर जयवंतने गाडी जोडली. सासूला पत्र धाडवेना. ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवणार, हे त्याला सोसवत नव्हतं. स्वतःच्या तोंडाने सांगायला तो एकटाच निघाला.

सडक सोडून गावाकडे वळताना त्याने गिअर बदलला, दात आवळले आणि पहिल्या धोंड्याची वाट पाहू लागला. धोंडा आलाच नाही. खड्ड्यांत माती भरून चोपली होती, दगड वेचून दोन्ही कडांना रचले होते. कुठलीही साधी मोटार तिथून सहज आली असती. जयवंतला काही उमगेना.

गावाच्या तोंडाशी माणसं जमली होती. इंजिनाचा आवाज ऐकून सासू काठी टेकत पुढे आली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

"गणपतीक इलेल्या चाकरमान्यांनी सांगल्यानी, जावय गाडी बांधता म्हणान," ती म्हणाली. "सगळी वाडी कामाक लागली. दिवाळीपासून वाट तयार आसा. माज्या चेडवाक हिसके बसाक नयेत."

जयवंतने इंजिन बंद केलं. दिवाळीपासून. दिवाळीला मालन जिन्यावर आपल्या हाताने पणत्या लावत होती. तो खाली उतरला, सासूचे पाय धरले आणि लहान पोरासारखा रडू लागला.

"सुखी ऱ्हव रे बाबा," असं म्हणत म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने ती गाडीचा पत्रा चाचपत होती.

"मालन, उतर गो बाय," ती आत हाका मारत होती.