इंग्रजी आखूड असतं

माझी बायको सुलक्षणा गेली त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे १९८७ साली, मी लायब्ररीच्या वरच्या खोलीतल्या इंग्रजीच्या वर्गाला जायला लागलो. शिकायला नाही. इंग्लंडमध्ये, लेस्टरला मला बावीस वर्षं झाली होती. शिकवणाऱ्या बाईंना गप्पा मारणारी माणसं हवी होती, कारण वर्गाला कॅसेटवरचं इंग्रजी कळायचं, बसस्टॉपवरचं कळायचं नाही. मी कामाला होतो तो होजिअरीचा कारखाना बंद झाल्यापासून घरीच होतो.

माझ्या वाट्याला कन्सुएलो आली. चिलीची, पन्नाशीची, हॉस्पिटलच्या किचनमध्ये कामाला. इंग्रजीची इंटरमीजिएट परीक्षा देणार होती. ग्रामर लिहायला बसली की तिची फारशी चूक सापडायची नाही. मी बोललो की मात्र चेहरा कोरा.

"सेन्योर शशी, तुम्ही शब्द खाता," ती म्हणायची. "घरून जेवून येत जा."

मार्चमधल्या एका मंगळवारी 'डॉक्टरकडे' असा धडा होता. मी डॉक्टर, ती पेशंट. मी छापलेला प्रश्न वाचला, काय होतंय आणि कधीपासून. तिनं पुस्तक मिटलं.

"हे खरं सांगते," ती हळू आवाजात म्हणाली. "पाळी बंद होऊन चार वर्षं झाली. आता परत रक्त जातंय. दोन महिने."

मी माझ्या पुस्तकात पुढचा छापील प्रश्न शोधायला लागलो.

"जीपीकडे, आमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे, रामोन येतो माझ्याबरोबर. माझा नवरा. तोच बोलतो. सांगतो, थकलीय. परवा तुम्ही चला आणि माझ्यासाठी बोला. डॉक्टर भरभर बोलतात, मला कळत नाही."

"मी नाही बोलणार."

"का? लाज वाटते?"

"हो," मी म्हटलं. "वाटली होती."

मग मी तिला सांगितलं. तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही.

सुलक्षणालाही हेच होत होतं. तिनं मला स्वयंपाकघरात सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. जीपीसमोर ती मराठीत बराच वेळ बोलली. डॉक्टर तरुण गोरा होता. मी त्याला म्हटलं, पोट दुखतं, अशक्तपणा आहे. त्यानं लोहाच्या गोळ्या दिल्या.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "अहो, मी एवढं बोलले. तुम्ही एवढंच सांगितलंत?"

"इंग्रजी आखूड असतं," मी म्हणालो.

ती हसली. तिला पटलं. त्यानंतर आम्ही आणखी तीनदा गेलो. तिन्ही वेळा मी पोटच सांगितलं. सात महिन्यांनी हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही आधी का बोलली नाही? मी म्हटलं, लाजाळू आहे हो ती.

कन्सुएलोनं पुस्तक पिशवीत टाकलं. मला वाटलं, उठून जाईल.

"म्हणजे तुम्ही रामोन आहात," ती म्हणाली.

"हो."

"तरी चला. बोलू नका. माझ्या बाजूला बसा. मी अर्ध्यात थांबले तर मला उठू देऊ नका."

गुरुवारी गेलो. तिनं सगळं कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद पर्समध्येच राहिला. डॉक्टर वयस्कर होते. तिनं पहिलं वाक्य म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि काहीतरी भरभर विचारलं. तिला कळलं नाही. तेव्हा त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कधीपासून होतंय हिला हे?"

मला उत्तर माहीत होतं. तोंडाशी आलं होतं.

"तिला विचारा," मी म्हटलं. "सावकाश विचारा."

डॉक्टरांना ते आवडलेलं दिसलं नाही. पण त्यांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली आणि परत विचारलं. तिनं सांगितलं. रक्त म्हणाली, कुठून ते म्हणाली, किती ते म्हणाली. मला मान खाली घालावीशी वाटली, ती मी घातली नाही. तीनदा तिनं "परत सांगा" म्हटलं, तिन्ही वेळा त्यांनी परत सांगितलं. शेवटी त्यांनी हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली आणि त्यावर 'तातडीचं' असं लिहून खाली रेघ ओढली.

बाहेर फुटपाथवर आलो. चिठ्ठी तिनं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

"काय निघेल कोण जाणे," ती म्हणाली. "पण सांगितलं मी."

"सगळं सांगितलंत."

"एवढं तुमच्या बायकोलाही जमलं असतं. एक वर्ष वर्गात बसली असती तर."

"तिला बसायचं होतं," मी म्हटलं. "फॉर्म घेऊन आली होती घरी. मी म्हटलं, तुला कशाला हवं इंग्रजी, मी आहे ना."