मंडळीने नाव न दिलेले मूल

महिन्याचा पहिला रविवार जवळ आला, की बाबाजी मास्तरांच्या परसात आदल्या दिवशी सकाळीच कोळंबी सोलायला घेतली जाई. मुंबईहून पाळक यायचे. मोऱ्याच्या बंदरात आगबोटीतून उतरून बैलगाडीने जांभूळखारच्या ख्रिस्ती वस्तीत पोचायचे, शनिवारी मास्तरांकडे जेवायचे आणि रविवारी प्रभुभोजन देऊन परत जायचे. १९३१ सालच्या चैत्रातल्या त्या शनिवारीही मास्तरांची बायको नीराबाई कोळंबीचा ढीग पुढ्यात घेऊन बसली होती. मिठागरावर मीठ ओढायचे दिवस होते. वस्तीतली बहुतेक माणसे तिकडेच होती आणि उन्हात सगळीकडे सामसूम होती.

तेवढ्यात तिची मुलगी मैना मागच्या वाटेने आली आणि शेवग्याखाली थांबली. कडेवर मूल होते. ती पुढे आली नाही, आणि नीराबाईनेही तिला ये म्हटले नाही.

"आये, पोराचा ताप उतरत न्हाय," मैना म्हणाली. "कालपासून दूध पन ओढत न्हाय."

नीराबाईने हात धुतले आणि मुलाला घेतले. सात-आठ महिन्यांचे ते पोर निखाऱ्यासारखे तापले होते. मैनाचे ओठ सुकलेले पाहून नीराबाई आत गेली आणि पाणी घेऊन आली. पण तांब्यात नाही, नारळाच्या करवंटीत. मैना पाणी प्यायली आणि तिने करवंटी आपणहून उकिरड्यावर टाकली. पोटच्या लेकीला असे पाणी देताना नीराबाईला स्वतःचीच किळस आली. तरी तिने ते दिले होते. मैनाला कोणत्याही ख्रिस्ती घराने आत घेऊ नये, आपल्या भांड्यातून पाणी देऊ नये, असा ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, ठराव होता, आणि ठराव वाचून दाखवणारा मंडळीचा मुख्य वडील, म्हणजे पंच, नीराबाईचाच नवरा होता.

मैनाचे लग्न पंधराव्या वर्षी याच मंडळीतल्या सदूशी लागले होते. सदू मुंबईच्या गिरणीत गेला, तिथे दुसरी बाई करून राहिला आणि मैना त्याच्या मागे गेली तेव्हा त्याने तिला मारून परत पाठवले. कोर्टात जाऊन मोकळे करून घेऊ, असे ती म्हणाली, तर वडील लोकांनी सांगितले की देवाने जोडलेले माणसाने तोडू नये. ती चार वर्षे आईबापांकडे मान खाली घालून राहिली. मग मिठाचा मचवा चालवणारा हिरामण तिला भेटला. तो विधुर होता, मंडळीतलाच होता आणि दारूला शिवत नव्हता. दोघे लग्न लावून द्या म्हणून पाळकांकडे गेले. पहिला नवरा जिवंत असताना ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा दोघे लग्नाशिवाय खाडीकाठच्या झोपडीत राहू लागले आणि मंडळीने त्यांना वाळीत टाकले. आगरी जातपंचायतीच्या जाचातून सुटून जी माणसे ख्रिस्ताकडे आली, त्यांनी येताना जातपंचायत मात्र बरोबर आणली होती.

"पाळकाला इचार," मैना म्हणाली. "पोराला बाप्तिस्मा द्या म्हनावं. नाव द्या. माझं काय करायचं ते करा."

दुपारी पाळक आले. त्यांचे नाव चांगदेव. माणूस शिकलेला होता आणि गोड बोलायचा. पानावर मास्तर, पाळक आणि दुसरे वडील काळूराम असे तिघे बसले. हा काळूराम शनिवारी ताडी पिऊन बायकोला मारी, आणि रविवारी त्याची बायको सखुबाई सुजलेल्या डोळ्यावर पदर ओढून उपासनेला येई. ते सगळ्या वस्तीला ठाऊक होते. पण त्याचे लग्न नियमाप्रमाणे लागलेले असल्यामुळे त्याच्याविषयी कधी ठराव झाला नव्हता.

नीराबाईने वाढता वाढता मैनाचा निरोप सांगितला.

"मूल अगदीच आजारी आहे का?" पाळकांनी विचारले. "फार वाईट वाटते ऐकून. थोडी आमटी वाढा बाई. मास्तर, कृपा फुकट आहे, हे तर मी नेहमीच सांगतो. पण नियमशास्त्राने पाप दाखवल्याशिवाय माणूस कृपेकडे वळत नाही. तेव्हा बाईला आपले पाप पुरते दिसले आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे."

"दिसलं न्हाय तर अजून त्याच्या घरात कशी राहील?" काळूरामने कोळंबीचे डोके चोखत विचारले.

मास्तर हळूहळू, शाळेत बोलत तसे बोलले. "खारबंदीच्या बांधाला एवढंसं भोक पडलं, तरी भरतीचं पाणी सगळ्या गावाचं भात नासवतं. माझी मुलगी आहे म्हणून मी भोक ठेवणार नाही. तिने हिरामणचं घर सोडावं. उद्या सगळ्यांसमोर उभं राहून म्हणावं, मी व्यभिचारिणी आहे आणि हे मूल माझ्या पापाचं फळ आहे. एवढं म्हटल्यावर बाप्तिस्मा द्यावा."

पाळकांनी हातातला घास पानात ठेवला. "शब्द जरा कडक आहेत," ते म्हणाले, "पण तुम्ही बाप आहात. तुम्हीच म्हणत असाल, तर मी काय बोलू?"

"मास्तर, तुमच्यासारखा मानूस न्हाय," काळूराम म्हणाला. "पोटच्या पोरीला पन सोडलं न्हाय तुमी."

नीराबाईने तेव्हा नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले. त्या तोंडावर दुःख असते, तर तिने त्याला क्षमा केली असती. पण तिथे समाधान होते. स्तुतीचा घोट घशाखाली उतरताना त्याचे डोळे किंचित मिटले होते. मुलीची लाज त्याला मोठेपणा देत होती आणि तो मोठेपणा त्याला रुचत होता.  नीराबाईने वाढपाचे भांडे खाली ठेवले आणि ती परसात जाऊन ओकली.

पापाची एवढी चर्चा झाली, तिच्यात सदूचे नाव एकदाही निघाले नाही. तोच सदू मुंबईच्या मंडळीत दर महिन्याला प्रभुभोजन घेत होता. पाळकांना ते माहीत होते, कारण देणारे तेच होते. त्याच्याविरुद्ध रीतसर तक्रार कोणी आणली नव्हती.

संध्याकाळी नीराबाई खाडीवर गेली आणि तिने मैनाला अट सांगितली. हिरामण मचव्याचे शीड शिवत बसला होता. तो उठून जवळ आला.

"मी जातो इथून," तो म्हणाला. "पोराला पानी लागूदे. मग बघू."

"तुमी कुठं न्हाय जायाचं," मैना म्हणाली. तिने मुलाच्या कपाळावरची ओली चिंधी बदलली. "आये, मी पापी हाय. ते मी शंभर लोकांत बोलंन. पन हा पापाचं फल हाय असं कसं बोलू? ह्यानं काय केलंय? आनि ह्या मानसानं मना जेवू घातलं, कदी हात उचलला न्हाय, त्याला सोडीन असं देवासमोर खोटं बोलू का? खोटं बोलून बाप्तिस्मा घेतला तर तो बाप्तिस्मा कसला?"

 नीराबाईने त्या झोपडीत जमिनीवर बसून लेकीच्या मडक्यातले पाणी पिऊन घेतले. मोडलेला तो पहिला नियम.

रविवारी प्रार्थनाघर भरले होते. पाळकांनी कृपेवर उपदेश केला. माणूस आपल्या पुण्याईने तरत नाही, नियम पाळून कोणी नीतिमान ठरत नाही, देव मागणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवत नाही, असे ते कळकळीने बोलले. काही बायकांनी डोळे पुसले. उपदेश संपला तेव्हा मैना दारात उभी होती. वाहाणा काढतात तिथेच, पोराला छातीशी धरून.

"मी पापी हाय," ती म्हणाली. आवाज पार पुढच्या बाकापर्यंत ऐकू आला. "माझ्यावर दया करा. ह्या पोराला नाव द्या."

पाळक खाली उतरले. बाप्तिस्म्याच्या पाण्याचे भांडे मेजावरच होते. त्यांनी बोटे पाण्यात बुडवली आणि ते दाराकडे निघाले. त्या क्षणी त्यांना खरोखरच दया आली असावी. माणूस दुष्ट नव्हता.

"शब्द पुरे झाले नाहीत," पुढच्या बाकावरून मास्तर म्हणाले.

पाळक थांबले. त्यांनी मास्तरांकडे पाहिले, मग बसलेल्या लोकांकडे पाहिले. कोणी काही बोलत नव्हते. "मुली, बाकीचेही म्हण," ते हलकेच म्हणाले. "एवढे म्हटलेस की झाले."

मैनाने नकारार्थी मान हलवली. पाळकांनी खिशातून रुमाल काढला आणि बोटे पुसली. मग त्या आजारी बाळासाठी त्यांनी एक सुंदर प्रार्थना केली, आणि दुपारच्या भरतीला ते निघून गेले.

सोमवारी सकाळी मूल गेले.

गावच्या मसणात किरिस्तावाचे पोर नको, असे गावपंचांनी हिरामणला सांगितले. ख्रिस्ती दफनभूमी सुरूच्या झाडांत होती. तिला काटेरी कुंपण होते आणि फाटकाची चावी मास्तरांकडे असे. नीराबाई घरी आली. मास्तर ओटीवर शाळेच्या पोरांच्या पाट्या तपासत बसले होते.

"चावी द्या," ती म्हणाली.

"बाप्तिस्मा नसलेल्याला तिथं जागा नाही. तुला माहीत आहे. मला काय आनंद होतोय का?"

"तुमची आई मेली तवाचं आठवतं?" नीराबाईने विचारले. "तुमी नवीन ख्रिस्ती झालता. जातीतल्या एकानं खांदा दिला न्हाय. तुमी एकटे मुडदा घेऊन उनात बसलेलं. माझा बापूस आन जुने पाळक आले, तिला उचलली. ती तर ख्रिस्ती पन नव्हती. तिला ह्याच कुंपनात जागा दिली. कोनी इचारलं का, बाप्तिस्मा झाला का म्हनून?"

मास्तरांच्या हातातली पाटी तशीच राहिली. ही गोष्ट ते वर्षानुवर्षे उपासनेत साक्ष म्हणून सांगत आले होते. देवाच्या कृपेचा पहिला अनुभव मला त्या दिवशी आला, असे ते म्हणत आणि ऐकणारे गहिवरत.

"तेव्हा मंडळीला नियम नव्हते," ते शेवटी म्हणाले.

"तवा मंडळीत मानसं होती," नीराबाई म्हणाली. "तुमाला सगलं फुकट मिलालं, आन तुमी त्याला फाटक लावून बसलाव. ती साक्ष आता परत सांगू नका. मना ऐकवनार न्हाय."

मास्तरांनी चावी दिली नाही. नीराबाईने चुलीमागचा कोयता घेतला आणि ती सरळ सुरूच्या झाडांकडे गेली. भर सकाळी, सगळ्यांच्या देखत, तिने कुंपण तोडायला सुरुवात केली. काट्यांनी हात फाटले. बायका दारात येऊन पाहू लागल्या. काळूराम मिठागरावरून धावत आला आणि दुरूनच ओरडू लागला. कोणी पुढे आले नाही. मग काळूरामच्याच घरातून सखुबाई कुदळ घेऊन निघाली. नवऱ्याने तिच्यावर हात उगारला. ती थांबली, त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "मारायचं तर घरी आल्यावर मारा. आता मना काम हाय."

मास्तरांच्या आईच्या कबरीशेजारी हिरामण आणि सखुबाईने खड्डा खणला. मैनाने मूल खाली ठेवले. प्रार्थना म्हणायला पाळक नव्हते, वडील नव्हते. नीराबाईने रक्ताळलेल्या हातात माती घेतली आणि म्हटले, "देवा, ह्याचं नाव कान्हा. ह्याचा बापूस हिरामन, आयस मैना. तू ह्याला वळख." एवढेच तिला सुचले. मग तिने माती टाकली.

पुढच्या महिन्यात नीराबाईला प्रभुभोजनातून बंद करण्याचा ठराव झाला. तो मास्तरांनीच मांडला, आणि काळूरामने त्यांची पुन्हा स्तुती केली. नीराबाई तेव्हा घरी नव्हती. ती केव्हाच खाडीकाठच्या झोपडीत राहायला गेली होती. मूल पुरले त्या दिवशी सखुबाई घरी गेली तेव्हा जे व्हायचे ते झाले. पण पाळक पुन्हा आले त्या रविवारी तिने डोळ्यावर पदर ओढला नाही. काळानिळा डोळा सगळ्यांना दिसेल अशी ती पुढच्या बाकावर बसली आणि पाळकांना उपदेश करताना खाली पाहावे लागले.

पाळक नंतर एकदा झोपडीवर आले. कुंपण तोडले ही चूक झाली, एवढे म्हणा, मग सगळे मिटेल, असे त्यांनी नीराबाईला समजावले.

"माझी चूक झाली," नीराबाई म्हणाली. "पाळक सायेब, माझी चूक करवंटीची. ती मी देवाला सांगितलीय. कुंपनाचं मी न्हाय सांगनार."

पाळकांना करवंटीचे काही कळले नाही. ते निघून गेले.

आता वर्ष उलटले. बाबाजी मास्तर अजून पुढच्या बाकावर बसतात. न्यायी माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचे नाव आहे. रात्रीचे जेवण ते स्वतः रांधतात आणि त्याबद्दल कोणाशी बोलत नाहीत. सदू मुंबईत खुशाल आहे.

हे वाचून कोणी म्हणेल, ही ख्रिस्ती लोकांची भानगड, आम्हांला काय त्याचे. ज्याच्या जातीत आजवर एकही घर वाळीत पडलेले नाही, त्याने खुशाल तसे म्हणावे. आणि जे मंडळीचे आहेत, दर रविवारी कृपेचे नाव घेतात, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो: मैनाला पुन्हा दिवस गेले आहेत. पावसाळ्याच्या अखेरीस ती बाळंत होईल. ते मूल घेऊन ती पुन्हा दारात येऊन उभी राहील, असे ती म्हणते. त्या दिवशी आत बाकांवर बसलेल्यांत तुम्हीही असाल. कोणी तरी पुन्हा म्हणेल, शब्द पुरे झाले नाहीत. तुम्ही काय म्हणणार, ते आजच ठरवून ठेवा.