पाचवं शील

चार शीलं प्रसेनजितने खणखणीत आवाजात म्हटली आणि पाचव्याला तो गप्प झाला.

शीलं देणारे बौद्धाचार्य माणिकराव पुढे सांगत होते, मागून साऱ्या अंगणाचा आवाज उठत होता. त्यामुळे फारसं कुणाच्या लक्षात आलं नसावं. पण समता त्याच्या शेजारीच बसली होती, पांढऱ्या साडीत, मांडीवर झोपलेली लेक घेऊन. नवऱ्याच्या आवाजाने भरलेला तिचा कान एकदम रिकामा झाला. दारूपासून दूर राहीन, एवढंच तर म्हणायचं होतं. त्याने हात जोडलेले ठेवले, मान खाली घातली आणि ओठ मिटून घेतले.

मग बाळाचं नाव विशाखा ठेवलं गेलं, टाळ्या झाल्या, कुणीतरी खिरीचं पातेलं उघडलं. समता लेकीला घेऊन उठली ती थेट स्वयंपाकघरात.

बाळंतपणासाठी ती दुसरबीडला माहेरी आली होती. आज नामकरण उरकलं की सासरची माणसं तिला चिखलीला घेऊन जाणार, असं ठरलेलं. कपड्यांची बॅगही तिच्या आईने, कलाबाईने, भरून ठेवली होती. जायचं की नाही, हे फक्त समताच्याच मनात ठरत नव्हतं. प्रसेनजित महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी मित्रांसोबत बिअर घेतो, हे तिला लग्नानंतर कळलं. त्यानेच सांगितलं होतं, लपवलं नव्हतं. पण "कधीतरी, थोडीशी" हे शब्द तिने बाराखडीच्या आधी ऐकले होते, बापाच्या तोंडून. गावाबाहेरच्या भट्टीवरून पुंजाजींना घरी आणायचं काम तिचं असायचं. सायकल हातात धरून ती पुढे, सायकलीच्या कॅरिअरला धरून बाप मागे. वाटेत शाळेच्या बाई भेटल्या की ती सायकलची घंटी पुसायला लागायची, उगाच.

पुंजाजींनी दारू सोडली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सोडणाऱ्यांच्या बैठकीला ते दर आठवड्याला जातात. समताची भीती मात्र सुटली नव्हती.

"आई, त्यांना सांग, मी आज नाही येत."

कलाबाईच्या हातात खिरीची वाटी तशीच राहिली. "अन् काऊन नाही म्हनून सांगू?"

"सांग, बाळाले सर्दी झाली."

"सर्दी किती वर्षं पुरवशीन?"

अंगणातून कुणीतरी हाक मारली. कलाबाई पदर खोचत, पुटपुटत बाहेर गेली. दारात पुंजाजी उभे होते. ते आत आले, पाटावर बसले, लेकीकडे न बघता म्हणाले,

"पाचवं नाही म्हटलं त्यानं."

"तुम्हीही ऐकलं?"

"माहे कान तिथंच होते." थोडं थांबून ते म्हणाले, "तुले आठवते, मी कसा म्हणत होतो? विहारात?"

समताला आठवत होतं. साऱ्या विहारात बापाचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. पाचव्या शीलाला तर पत्रे हादरायचे. शेजारी बसलेल्या लहानग्या समताला त्या प्रत्येक शब्दाबरोबर वास यायचा, आणि ती श्वास धरून बसायची.

"मोठ्यानं म्हटलं की लोकाइले पत्ता लागणार नाही, असं वाटे मले," पुंजाजी म्हणाले. "यानं तोंडच नाही उघडलं. पोरीच्या नावाच्या दिवशी खोटं बोलला नाही पोरगा."

"खरं बोलला म्हणून पिणं बरं झालं का, बाबा?"

"बरं म्हणतच नाही मी." ते पाटाच्या कडेवर बोट फिरवत राहिले. "तुह्या आईले सांगशीन नाही तर एक सांगतो. मांगं त्यानं दोस्ताइले पार्टी देली, लेक झाल्याची. फोनवर तुले सांगितलं होतं, अन् तू रडत बसली होती. त्या दिवशी मी चिखलीले गेलतो."

"चष्म्यासाठी."

"चष्म्याचं आईले सांगितलं. ढाब्यावर गेलो. मफलर बांधला डोक्याले, कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेऊन बसलो. पिणाऱ्याची पारख माह्याइतकी कोनाले हाय? म्हटलं, एकदा डोळ्यानं पाहून येऊ. माह्यासारखा असन तर पोरीले पाठवायचं नाही."

समताने बाळ एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"चौघं होते. हसून राह्यले, एकमेकाची टर उडवून राह्यले. याच्यापुढं एक ग्लास. अर्धा झाला अन् तुहा फोन आला."

"मी बाळ दाखवलं होतं त्यांना. व्हिडिओवर."

"तो उठून बाहेर गेला. लय वेळ झाडाखाली उभा. एकटाच हसे. माही नजर ग्लासावर. आता पयत येईन, मंग येईन... तो आला, अन् जेवायलेच बसला. वेटर म्हणे, साहेब, हे घेऊन जाऊ का? हा म्हणे, ने."

पुंजाजींनी पहिल्यांदाच मान वर केली.

"ने म्हणे, समता. उष्टं पाणी असावं तसं. मी अख्ख्या जन्मात असा ग्लास परत धाडला नाही. दुसऱ्याचा उरलेला सोडला नाही, माहा कुठला सोडतो. तवाच समजलं मले. तो पुंजाजी नाही."

बाहेर पंगतीत कुणीतरी खिरीत गूळ जास्त झाल्याची तक्रार करत होतं, आणि कलाबाई त्याला तिसरी वाटी वाढत होती.

"तो ग्लास कुठं गेला मग?" समताने विचारलं. का विचारलं, तिलाही कळलं नाही.

"माह्याच टेबलाजवळून नेला."

ती बापाकडे बघत राहिली. नुसत्या वासाच्या भीतीने हा माणूस वर्षानुवर्षं लग्नाच्या वरातीत गेला नव्हता. सख्ख्या भावाच्या पोराच्या हळदीलाही नाही.

"मग?"

"मंग काय. डोळे मिटले. पाचवं शील म्हणत बसलो, मनातल्या मनात. वेटर दोनदा विचारून गेला, बाबा, तब्येत बरी हाय ना." ते किंचित हसले. "शेवटच्या गाडीनं घरी आलो."

तेवढ्यात कलाबाई रिकामं पातेलं घेऊन आत आली. "काय चाल्लं बापलेकीचं? बाहेर जावई विचारून राह्यला, गाडी कवा काढू म्हणून. काय सांगू त्याले? सर्दी?"

"अर्ध्या तासानं काढा म्हणावं," समता म्हणाली. "आणि पाचव्या शीलाचं मी गाडीत बोलणार आहे, हेही सांग."

"अन् तुह्या बाबाइचा चष्मा? चिखलीले गेले अन् तसेच आले माघारी, इसराळू मानूस."

समता पुंजाजींपुढे खाली बसली. झोपलेल्या विशाखाला तिने हळूच त्यांच्या मांडीवर ठेवलं, मानेखालचा हात काढून घेतला, आणि त्यांचा हात तिथे येईपर्यंत थांबली.

"चष्म्याचं मी बघते. पुढच्या महिन्यात माझी शाळेतली नोकरी परत सुरू होते, आई. तेव्हा बाबांना चिखलीला पाठव. दिवसभर हिच्याजवळ कोणीतरी पाहिजे."

"हे?" कलाबाई पातेलं खाली ठेवायचं विसरली. "एकटे?"

"हो," समता म्हणाली. "एकटे."

बाळाच्या चेहऱ्यावर माशी बसू नये म्हणून पुंजाजी दुसऱ्या हाताने हळूहळू वारा घालत राहिले.